दोन लिटर दुधाचा हिशेब

*ताई, नमस्कार. आम्ही सोलापुरात अक्कलकोट रोडला राहतो. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, मी घरी शिलाई करते. सासूबाई मंगळवेढ्याकडच्या. घर माळकरी, अंडंसुद्धा येत नाही. गवळ्याचा रोज दोन लिटर म्हशीच्या दुधाचा रतीब आहे, महिन्याला साडेतीन हजारांच्या वर जातात. मुलगा सात वर्षांचा. चॉकलेटी पावडर घातलेलं दूध चार-चार पेले पितो आणि जेवणाला तोंड लावत नाही. दोन-दोन दिवस पोट साफ होत नाही. सासूबाई म्हणतात, दूध पूर्णान्न आहे, पोटात जातंय ना, मग झालं. मुलगी चौदाची. दूध प्यायलं की पोटात गुडगुड होते म्हणून टाळते. चहा-खारी खाऊन शाळेला जाते, जिना चढून आली की धापा टाकते. दुधावरून तिला रोज बोलणी बसतात. त्यात आता मोबाइलवर एकानं सांगितलं की दूध म्हणजे विष, बंदच करा. मी कुणाचं ऐकू?*

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी मुलाची काळजी वाटली, दुसऱ्या वेळी मुलीची जास्त वाटली. कुणाचं ऐकू असं विचारलंय, तर सासूबाईंचं निम्मं ऐका आणि मोबाइलवाल्याचं अजिबात ऐकू नका. दूध बंद करायचं नाही. मुलाचं दूध निम्म्याच्या खाली आणायचं. मुलीच्या मागे पेला घेऊन फिरणं आजपासून थांबवायचं, तिला दही-ताक द्यायचं, आणि या आठवड्यातच तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं. कारणं कळली की घरात बोलताना तुमचा आवाज ठाम राहील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मुलगा. चार पेले म्हणजे लिटरभर धरू. लिटरभर म्हशीच्या दुधात हजाराच्या आसपास कॅलरी असतात. सात वर्षांच्या मुलाला दिवसाला लागतात साधारण 1700. म्हणजे निम्म्याहून जास्त भूक दुधानंच भागली, आणि पावडरमधली साखर वेगळीच. मग तो भाकरीकडे बघत नाही यात त्याचा काय दोष? पोरगं हट्टी नाही, त्याचं पोट भरलेलं आहे. कॅल्शियमचं म्हणाल तर त्याच्या वयाला दिवसाला 650 मिलिग्रॅम पुरतं. लिटरभर दुधातून 1200 च्या आसपास जातं, जवळजवळ दुप्पट. आणि लोह? दुधात लोह नसल्यातच जमा, शिवाय जेवणासोबत भरपूर दूध घेतलं तर जेवणातलं लोहही नीट अंगी लागत नाही. चोथा तर दुधात मुळीच नसतो. दोन-दोन दिवस पोट साफ होत नाही ते त्यामुळेच.

पूर्णान्न हा शब्द खोटा नाही, पण तो आईच्या दुधाचा आहे, आणि तोही बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांपुरता. त्यानंतर कुठलंच दूध एकट्यानं पुरत नाही.

ही चूक मी स्वतःच्या घरात केलेली आहे, म्हणून इतक्या जोरानं सांगते. माझा थोरला दोन वर्षांचा असताना जेवायला कुरकुर करायचा आणि दूध मागायचा. मी आहारशास्त्र शिकलेली, तरी संध्याकाळी दमून घरी आलं की बाटली भरून देणं सोपं पडायचं. एके दिवशी त्याला खिडकीपाशी मांडीवर घेतलं आणि सहज त्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतून लालबुंद दिसायला हवी ती नुसती फिकट, सायीच्या रंगाची. पोर गुटगुटीत होतं, गाल वर आलेले, येणारं-जाणारं म्हणायचं काय छान बाळसं धरलंय. रक्तात मात्र काही नव्हतं. त्या संध्याकाळपासून बाटली बंद केली. चार रात्री तो रडला, चार रात्री मीही झोपले नाही. पाचव्या दिवशी त्यानं वरणात कुस्करलेली अर्धी भाकरी खाल्ली.

तुमच्या मुलासाठी असं करा. सकाळी एक लहान पेला, रात्री एक लहान पेला, दोन्ही खाऊन झाल्यावर. जेवणाच्या आधी तासभर दूध नाही. दुपारी चारला शाळेतून आला की दुधाच्या जागी शेंगदाणा-गुळाचा लाडू, नाहीतर पेरू. पावडर एकदम तोडू नका, दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात साखरेचा आकडा असतो, तो एकदा सासूबाईंना चष्मा लावून वाचायला द्या. 2024 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनंच ऑनलाइन दुकानांना सांगितलं, की अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या नावाखाली ठेवू नका. आणि एक जुनी युक्ती. दूध प्यायला देण्याऐवजी खायला द्या. ज्वारीची भाकरी गरम दुधात कुस्करून, वर चिमूटभर गूळ. दूध तेवढंच जातं, पण सोबत भाकरीही जाते, आणि चावायची सवय परत लागते.

आता मुलगी. पोटात गुडगुड होणं हे नखरे नव्हेत. दुधात एक साखर असते, तिला दुग्धशर्करा म्हणतात. ती पचवणारं पाचकद्रव्य लहानपणी भरपूर असतं, वाढत्या वयाबरोबर पुष्कळ लोकांत कमी होत जातं. मग न पचलेली साखर आतड्यात पुढे जाते, तिथले जीवाणू ती आंबवतात, गॅस होतो, गुडगुडतं, कधी जुलाब होतात. हा रोग नाही, शरीराची ठेवण आहे. दही लागताना विरजणातले जीवाणू हीच साखर थोडीफार खाऊन टाकतात आणि उरलेली पोटात पचायलाही मदत करतात, म्हणून ज्यांना दूध बाधतं त्यांना दही-ताक बहुतेक वेळा सोसतं. कॅल्शियम आणि प्रथिनं दह्यात दुधाइतकीच राहतात. तुमची मुलगी दुपारी वाटीभर दही आणि संध्याकाळी पेलाभर घट्टसर ताक घेत असेल, तर दुधावरून तिला एक शब्दही बोलायचं कारण उरत नाही. महिन्याभरानं जेवणासोबत अर्धा कप दूध देऊन बघा, थोड्या प्रमाणात पुष्कळांना चालतं. नाही चाललं तर राहू द्या.

मला खरी काळजी आहे ती धापेची. चौदा वर्षांची पोर जिना चढून धापा टाकते, म्हणजे रक्त कमी असण्याची दाट शक्यता आहे. या वयाच्या मुलीला दिवसाला 30 मिलिग्रॅम लोह लागतं, तुमच्या मुलाच्या बरोबर दुप्पट. पाळी सुरू झालेली, उंची वाढतेय, आणि सकाळचं खाणं काय, तर चहा आणि मैद्याची खारी. चहातली टॅनिन खाण्यातलं लोह अडवून धरतात. आपल्या देशात 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 57 टक्के रक्तक्षयी आहेत असं 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. हा आकडा वाचताना मला नेहमी अशीच एखादी पोर दिसते, चहाचा कप संपवून दप्तर उचलणारी.

जवळच्या सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासतात. तिच्या वयाला 12 च्या खाली आलं तर डॉक्टरांकडून गोळ्या सुरू करा, नुसत्या पालेभाजीवर भागणार नाही. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती घेते का की दप्तरात टाकते, हे प्रेमानं विचारा. जंताची गोळी घेतलीय का तेही बघा. पाळीत फार जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, तिला सांगायला लाज वाटेल, तुम्ही सांगा.

चहा तोडायला सांगत नाही, सोलापुरात ते कुणाला जमायचं? फक्त खाण्याच्या आगेमागे तासभर नको. सकाळी चहा-खारीच्या जागी एक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही. किंवा मेथीचे धपाटे. डब्यात मोडाची मटकी, त्यावर लिंबू पिळलेलं. लिंबू सोडू नका, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळी-भाज्यांतलं लोह चांगलं अंगी लागतं. पेरू आणि आवळा त्याहून सरस, आणि सध्या थंडीत दोन्ही स्वस्त आहेत.

सासूबाईंविषयी थोडं लिहिते. तुम्ही त्यांच्यावर रागावून लिहिलंय असं जाणवलं. मंगळवेढ्याकडच्या त्या पिढीतल्या कितीतरी बायका मला भेटल्या आहेत. दावणीला पंढरपुरी म्हैस असायची, तलवारीसारखी लांब शिंगं खांद्याच्याही मागे गेलेली. पण दूध विकायला जायचं, कारण मीठ-मिरची आणि पोरांची फी त्यातून यायची. घरात राहायचं ताक. पाहुणा आला तर चहापुरतं दूध. अशा बाईला नातवापुढे दुधानं भरलेला पेला ठेवताना काय वाटत असेल? तिच्या लेकरांना जे मिळालं नाही ते आता मिळतंय. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना विचारा, तुमच्या लहानपणी काय काय खायचात? हुलग्याचं माडगं, शेंगोळी, अंबील, ताकातल्या कण्या, करडईची कोवळी भाजी, घोळ, पाथरी, तांदुळजा, हुरडा, तुरीच्या शेंगा उकडून. यादी त्याच सांगतील. गरिबीतही ताटात किती प्रकार होते! आज पैसा थोडा बरा आहे आणि नातवाचं ताट एका पेल्यावर आलंय. हे त्यांच्याच तोंडून निघालं तर घरात भांडण राहणार नाही.

आता पैशाचा हिशेब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. साध्या मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात त्यांनी दूध-दही मिळून 300 मिलिलिटर धरलंय. त्यासोबत धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्य 85, भाज्या 400, फळं 100, शेंगदाणे-तिळासारख्या बिया 35. दूध आहे, पण या सगळ्यांच्या रांगेत आहे. तुम्ही घरात पाच माणसं. पाच त्रिक पंधरा, म्हणजे दीड लिटर. त्यातच चहा आला, मुलाचे दोन लहान पेले आले, सगळ्यांचं दही आलं. अर्धा लिटर रतीब कमी करा. महिन्याला आठ-नऊशे रुपये सुटतात, आणि ते मंडईत घालवायचे, दुसरीकडे नाही. हे पैसे मुलीच्या ताटाचे आहेत असं मी म्हणेन. आजपर्यंत घरातलं निम्मं दूध एका पोराच्या पेल्यात जात होतं आणि दुसरीच्या वाट्याला चहापुरतं येत होतं. मुद्दाम कुणी केलं नाही, पण झालं तसंच.

लक्ष्मी मंडईत या दिवसांत काय नसतं! करडईची पानं, चाकवत, मेथी, राजगिरा, शेवगा, पावटा, ओला हरभरा, गाजर. अंबाडी, जिला शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू शेजारणी पुंटीकुरा म्हणतात आणि आपल्यापेक्षा कितीतरी चांगली करतात, शिकून घ्या त्यांच्याकडून. आठवड्याला निदान चार वेगळ्या पालेभाज्या येऊ द्यात. कॅल्शियम फक्त दुधात असतं असं नाही. शंभर ग्रॅम नाचणीत 340 मिलिग्रॅमच्या वर असतं. मोठा चमचाभर सालासकट तिळात शंभर मिलिलिटर दुधाइतकं भरतं, शरीर त्यातलं जरा कमी घेतं एवढंच. आपल्या मालदांडी ज्वारीत कॅल्शियम फारसं नाही, पण लोह आहे, चोथा आहे. तिच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी पडतो, तो डाळीत आणि दुधा-दह्यात भरपूर असतो. भाकरी-आमटी, भाकरी-ताक, भाकरी-पिठलं, या जोड्या आपल्या आज्यांनी तोंडाला चव म्हणून लावल्या असतील, पण एकाचं उणं दुसरं भरून काढतं ते असं. भोगी महिन्याभरावर आली आहे. त्या दिवशी तुम्ही जी भाजी कराल, पावटा, वांगं, गाजर, हरभरा, शेंगदाणे, तिळाचं कूट सगळं एकत्र, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी, तशी भाजी सोलापूरची संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा उठली तरी दर आठ दिवसांनी करायला काय हरकत आहे?

विषाचं एका परिच्छेदात संपवते, त्याला अधिक जागा द्यायची माझी इच्छा नाही. दूध पचत नाही अशी माणसं आहेत, काही मुलांना दुधाची खरी ॲलर्जी असते, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानं टाळावं. एवढं खरं. त्यावरून सरसकट बंद करा म्हणणं धोक्याचं आहे, आणि तुमच्यासारख्या माळकरी घराला तर जास्तच. ब 12 जीवनसत्त्व भाज्यांत, डाळींत, धान्यात मिळत नाही. मांस-अंडी नसलेल्या घरात ते येतं दूध, दही, ताक, पनीर यांतूनच. ते कमी पडलं की हातापायाला मुंग्या येतात, थकवा येतो, रक्त कमी होतं. मोबाइलवाला तेव्हा तुमच्या दारात येणार नाही. गाईचं की म्हशीचं असं बरेच जण विचारतात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त, दही घट्ट लागतं, साय जाड येते. दोन्ही चांगली. साय काढून ठेवा, तूप होईल. रतीबाचं दूध सुटं असतं, तेव्हा ते चांगली उकळी आणूनच वापरा, ‘निरसं दूध ताकदीचं’ असं कुणी म्हटलं तरी मुलांना देऊ नका.

मुलीला दही आवडायला हवं तर ते आंबट लागून चालणार नाही, म्हणून तेवढं नीट सांगते. दूध उकळून खाली ठेवा. करंगळी बुडवून दहापर्यंत मोजता आलं, की ऊब बरोबर आहे. जास्त गरम असेल तर विरजण मरतं, गार असेल तर लागत नाही. अर्धा लिटरला छोटा चमचाभर गोड दही आधी वाटीत फेटून घ्या, मग दुधात घालून दोनदा वरखाली ओता. भांडं हलवायचं नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे चार-पाच तासांत लागतं, आता थंडीत रात्री लावून भांडं ज्वारीच्या डब्यात अर्धं पुरून ठेवा, दाणे ऊब धरतात. सकाळी चमचा उभा राहील असं कवडीदार दही निघतं. लागल्याबरोबर गार जागी हलवा, नाहीतर दुपारपर्यंत आंबतं. थंडीत दह्यानं सर्दी होते असं घरात म्हणतील. सर्दी विषाणूनं होते. फ्रिजमधलं गारढोण नको, दुपारच्या जेवणात ताजं द्या.

आणि कॅल्शियम हाडांत जायला ड जीवनसत्त्व लागतं, ते उन्हातून मिळतं. सोलापुरात उन्हाला तोटा नाही, पण तुम्ही दिवसभर मशीनवर घरात, सासूबाई देवघरात, मुलगी शाळेत. भाजी निवडायचं काम गच्चीवर न्या. दहा-अकराच्या उन्हात, हात उघडे ठेवून, सासूबाईंना शेजारी बसवून.

राहिलं एक. तुमच्या घरात पाच माणसं. मुलाच्या खाण्याविषयी तुम्ही लिहिलं, मुलीच्या लिहिलं, दुधाच्या पैशांचंही लिहिलं. तुम्ही स्वतः काय खाता याचा पत्रात एक शब्द नाही. तुम्हालाही दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं, मुलीपेक्षा एकच कमी. मुलीला रक्त तपासायला घेऊन जाल तेव्हा तिच्या शेजारी तुमचाही हात पुढे करा, आणि दोघींचे आकडे मला कळवा.